चरईचा पत्ता

रहमतुल्लाने भिंतीतल्या खिळ्यावरचा लाल शर्ट काढला, त्याची नीट घडी घातली, घडी कपाटात ठेवली आणि दोन मिनिटांनी कपाट उघडून शर्ट पुन्हा खिळ्याला लावला. खालच्या मजल्यावर बारा लूम चालू होते. त्यांच्या हादऱ्याने शर्टाची बाही भिंतीवर बारीक थरथरत होती.

"राहू द्या ना आत, चाचा," मुदस्सिर म्हणाला. तो सतरंजीवर पालथा पडून लिहीत होता.

"अजून काही ठरलेलं नाही," रहमतुल्ला म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली गल्लीत एक टेम्पो माघारी वळत होता. त्यापलीकडे कोणी नव्हतं. पाच वाजून गेले होते.

मुदस्सिर त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. चोवीस वर्षांचा, ठाण्यात कॉम्प्युटरच्या एका कंपनीत कामाला. ही लूमवरची खोली म्हटली तर रहमतुल्लाची, पण शनिवार-रविवारी ती साऱ्यांची असे. लंडनच्या एका फुटबॉल क्लबचे हे सगळे वेडे. लाल अंग आणि पांढऱ्या बाह्या असलेला शर्ट घालणारा तो क्लब टीव्हीवर दिसायला लागला, त्या वर्षी रहमतुल्लाने इथे मोठा टीव्ही आणून ठेवला. मग निजामपुऱ्यातली पोरं येऊ लागली, अंजूरहून रहमतुल्लाचा शाळासोबती धनेश येऊ लागला, वज्रेश्वरीच्या गाडीवर कंडक्टर असलेला केसरीनाथ ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच येऊ लागला. सामना नसेल तेव्हा जुन्या सामन्यांवरून भांडणं चालत. सहा वर्षं असं छान चाललं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मुदस्सिरने बातमी आणली की क्लबाने इस्रायलच्या पर्यटन खात्याशी करार केला आहे. मैदानाच्या कडेच्या पाट्यांवर आता त्या देशाचं नाव झळकणार, 'आमच्याकडे फिरायला या' म्हणणार. तेव्हापासून खोलीतलं भांडण बदललं. आधी लोक हातवारे करत भांडत, आता मान खाली घालून भांडू लागले. मुदस्सिरचं म्हणणं सरळ होतं: ज्या देशात लोकांना स्वतःच्या शेतावर जायला परवाना लागतो, त्या देशाची जाहिरात करणाऱ्या क्लबाचा शर्ट घालून आपण नाचायचं नाही. क्लबाला पत्र लिहायचं आणि उत्तर येईपर्यंत शर्ट घालायचा नाही. कोणी म्हणालं, क्लब आपल्याला ओळखतो तरी का? कोणी म्हणालं, नव्या मैदानाला आखातातल्या विमान कंपनीचं नाव दिलं तेव्हा तू पेढे वाटलेस. धनेशने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या भातशेतीवर आज गोडाऊन उभं आहे आणि त्याच्या पत्र्यावर कोणाचं नाव आहे ते तो मान वर करून बघत नाही. केसरीनाथचं तर वेगळंच. तो म्हणाला, पर्यटन म्हणजे लोकांनी येऊन बघावं, मग येऊ द्या ना, काय चाललंय ते लोकांना दिसू तरी देत. यावर थोडं हसू झालं, पण मुदस्सिर हसला नाही.

शेवटी पत्र लिहायचं ठरलं. हाताने लिहिलेलंच पाठवायचं, असा मुदस्सिरचा हट्ट. छापलेलं कोणी वाचत नाही म्हणाला. आज सतरा जणांच्या सह्या झाल्या होत्या. रहमतुल्लाची नव्हती. पहिल्या दिवशी त्याने चष्मा खाली राहिल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी लूमचा धागा तुटला म्हणून तो खाली गेला आणि वर आलाच नाही. पत्रात काय लिहिलंय तेही त्याने वाचलं नव्हतं.

कारण असं होतं की त्या देशातून त्याला वर्षाला दोन पत्रं येत. शुद्ध मराठीत, टपोऱ्या अक्षरात लिहिलेली. डिमोना नावाच्या वाळवंटी गावातून हनोख झिराडकर ती लिहीत. भिवंडीच्या शाळेत इंग्रजी आणि पीटी शिकवणारे झिराडकर सर, कोकणातले ज्यू. ठाण्याच्या चरईतल्या घरून रोज एसटीने येत. रहमतुल्लाला गोलात उभं त्यांनी केलं, धनेशला डाव्या पायाने मारायला त्यांनी शिकवलं. शनिवारी सर शिट्टीला हात लावत नसत, म्हणून त्या काळी शाळांचे सामने रविवारी ठेवले जात. त्यांच्या लोकांचा तो देवाचा दिवस, एवढंच पोरांना माहीत होतं. चौऱ्याऐंशी साली सर मुलाबाळांसह तिकडे निघून गेले. रहमतुल्ला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि विमानतळावर त्याने सरांची ट्रंक उचलली होती. ही पत्रं तो घरी नव्हे, लूमच्या ऑफिसात मागवून घेई. शकिलाला, त्याच्या बायकोला माहीत होतं. धनेशला माहीत होतं. बाकी कोणाला सांगायची कधी वेळ आली नाही आणि हल्ली तर त्याने ती येऊही दिली नसती.

शुक्रवारी फोन आला. सर ठाण्यात बहिणीकडे आले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा. रविवारी चार वाजता येतो म्हणाले. रहमतुल्लाने हिशेब केला: सामना सातला, मंडळी साडेसहाला जमतात, तोवर सर घरी बसून, खाऊन, बोलून परत गेलेले असतील. शकिलाने नारळाच्या रसातल्या खापरोळ्या केल्या. घरात त्या दिवशी मटण आणलं नाही. सरांच्या खाण्याचे नियम तिने सासूकडून ऐकले होते.

पाचाचे सहा झाले. रहमतुल्ला दोनदा खाली जाऊन आला. एकदा चालू लूम उगाच थांबवून पुन्हा चालू केला. कारागिराने त्याच्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. साडेसहाला मंडळी जिना चढू लागली. पावणेसातला धनेशच्या मोटारसायकलचा आवाज आला आणि खिडकीतून रहमतुल्लाला मागच्या सीटवर पांढऱ्या टोपीतला एक बारीकसा म्हातारा दिसला.

कशेळीला गोडाऊनच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. सर रिक्षात दोन तास अडकून होते आणि शेवटी उतरून चालू लागले होते. धनेशने त्यांना चालीवरून ओळखलं. घर मागच्या अंगाला आहे हे त्याच्या ध्यानात होतं, पण सरांनी वरचा गलका ऐकला आणि विचारलं, सामना आहे का? मग ते थांबेनात.

रहमतुल्ला जिन्यातच त्यांच्या पाया पडला. सरांनी त्याला उठवलं, त्याचे हात उलटेपालटे करून बघितले.

"बोटं धड आहेत," ते म्हणाले. "गोलकीपरची बोटं आधी बघावीत."

खोलीत जागा करून दिली गेली. चाचांचे आणि धनेशशेठचे शाळेतले सर, एवढं कळताच पोरं सावरून बसली. केसरीनाथने पाण्याचा तांब्या पुढे केला. झिराडकर म्हणजे अलिबागकडचे, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि सरांनी मान डोलावली. मूळ गाव तेच.

"आता कुठं असता, सर?" केसरीनाथने विचारलं.

"ठाण्याला," रहमतुल्ला म्हणाला. "चरईत."

विचारलं त्याला नव्हतं. तरी तो बोलला, आणि नको इतक्या चटकन बोलला. धनेश सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळू लागला. सरांनी रहमतुल्लाकडे पाहिलं. मग त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, तांब्या शेजारी ठेवला आणि टीव्हीकडे तोंड केलं. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

पुढचं सगळं रहमतुल्लाला थांबवता आलं असतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं. सर इंग्रजी शिकवायचे हे कोणीतरी बोललं. मुदस्सिरचे डोळे चमकले. त्याने पत्र सरांच्या हातात दिलं, नुसतं इंग्रजी बघा म्हणाला. रहमतुल्लाने खापरोळ्यांचा विषय काढला, सर दमलेत म्हणाला, खाली चला म्हणाला. सरांनी खिशातून चष्मा काढला.

"शिसपेन्सिल असेल तर दे," ते मुदस्सिरला म्हणाले. "शाईने खोडलं की लिहिणाऱ्याला लागतं."

त्यांनी पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. दोन कागद होते. ओठ हलत होते, पेन्सिल मध्येच टेकत होती. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. वर्गात वह्या तपासताना असायचा तसाच चेहरा. दुसऱ्या कागदावर ते एका ठिकाणी बराच वेळ थांबले. खोलीतले लोक टीव्हीवर खेळाडूंची नावं वाचत होते. रहमतुल्ला मात्र उभाच होता.

"पहिलं पान चांगलं आहे," सर मुदस्सिरला म्हणाले. "दुसऱ्या पानावर तुला राग आलाय आणि तिथं वाक्यं लांबलीत. रागात वाक्य लहान ठेवावं. मी तोडून दिलीत बघ."

मुदस्सिरने वाचून बघितलं. त्याला ते पटलं असावं, कारण तो एकदम मऊ झाला. म्हणाला, सर, तुमची पण सही हवी. इतक्या वर्षांचा इंग्रजीचा मास्तर, वजन पडेल.

"माझी?" सरांनी विचारलं.

"तुम्ही आमच्यातलेच," मुदस्सिर म्हणाला.

"मुदस्सिर, सरांना कशाला मध्ये," रहमतुल्ला म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

सरांनी हात वर केला, पूर्वी सामन्यात करायचे तसा. मग पेन मागून घेतलं. नाव लिहिलं, वय चौऱ्याहत्तर लिहिलं आणि पत्त्याच्या रकान्यात क्षणभर पेन धरून ठेवून लिहिलं: चरई, ठाणे. घराचा नंबरही लिहिला. ते घर पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहिल्याला पंधरा वर्षं झाली होती. मुदस्सिरने शाईवर फुंकर मारली.

सामना सुरू झाला. सर मधल्या सुट्टीपर्यंत बसले. गोल झाला तेव्हा बाकीच्यांसारखे उठले नाहीत, पण त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सतरंजीवर हलला, ते रहमतुल्लाने पाहिलं. मग बहीण वाट बघत असेल म्हणून ते निघाले. खाली शकिलाने त्यांना दोन खापरोळ्या खाऊ घातल्या आणि चार डब्यात बांधून दिल्या. सरांनी तिला विचारलं की मुलगी काय शिकते, आणि तिने सांगितलं ते लक्ष देऊन ऐकलं.

नाक्यापर्यंत रहमतुल्ला बरोबर निघाला. रस्त्याला गर्दी होती, नमाज सुटली होती. सर हळू चालत होते आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. मराठी, उर्दू, हिंदी, जशा येतील तशा. डिमोनात ते कापडगिरणीच्या गोदामात कामाला होते, हे त्यांनी पत्रातून लिहिलं होतंच. तिथे मराठी पाटी एकच आहे म्हणाले, किराणावाल्याची, आणि तिच्यातही चूक आहे.

"सर, मी खोटं बोललो," रहमतुल्ला म्हणाला.

"हो."

"पोरं काहीतरी बोलली असती. तुम्हाला ऐकावं लागलं असतं."

"मला की तुला?"

एक हातगाडी गेली, तिला वाट द्यायला दोघं कडेला झाले.

"मी तिथं बसून विचार केला," सर म्हणाले. "चरईतून हललोच नसतो, तर या कागदावर सही केली असती का? केली असती. म्हणून चरईतल्या माणसाची करून दिली."

"आणि डिमोनातल्या?"

सर थोडं चालले.

"माझा धाकटा नातू सैन्यात आहे. तिकडे सगळ्यांनाच जावं लागतं. तो एका नाक्यावर उभा असतो, लोकांचे कागद तपासतो. सकाळी कामाला जाणारी माणसं रांगेत असतात. मला त्याला विचारायचंय, माझ्या वयाच्या माणसाला किती वेळ उन्हात उभं करतोस. सुट्टीवर येतो, जेवतो, झोपतो. दोन वर्षं झाली, मी विचारलेलं नाही." त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "त्याला विचारायच्या आधी लंडनला कसं कळवू?"

रिक्षा आली. रहमतुल्लाने ठाण्याचं भाडं ठरवलं. आत बसल्यावर सर पुढे झुकले.

"तो पत्ता खोटा आहे, रहमत. तू बोललास आणि मी लिहिला. आता तो कागदावर आहे. काय करायचं ते तू बघ."

रिक्षा वळून गेल्यावर रहमतुल्ला लगेच परत फिरला नाही. पानाच्या टपरीवर गेला, काही न घेता निघाला. मशिदीच्या पायरीशी थांबला. घराच्या दारातून शकिलाने विचारलं, गेले का व्यवस्थित? त्याने मान हलवली आणि जिना चढला.

सामना संपत आला होता. मुदस्सिर सरांच्या खुणा बाकीच्यांना दाखवत होता, काय माणूस आहे म्हणत होता. रहमतुल्लाने टीव्हीचा आवाज बंद केला. खालचे लूम तेवढे ऐकू येऊ लागले.

"सर ठाण्यात राहत नाहीत," तो म्हणाला. "इस्रायलमध्ये राहतात. बावीस वर्षं झाली. मी खोटं सांगितलं."

केसरीनाथने टोपी काढून मांडीवर ठेवली. मागच्या बाजूला बसलेला एक जण उठला आणि चपला घालून निघून गेला; जिन्यावर त्याची पावलं वाजली. मुदस्सिरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मी त्यांना आमच्यातले म्हणालो," तो म्हणाला.

"मग हायतच," धनेश म्हणाला. "मला माहीत व्हतं. मी पण गप बसलो."

"तुम्ही दोघांनी माझा तमाशा केलात." मुदस्सिरने कागद उचलला. तो आता फाडणार, असं रहमतुल्लाला वाटलं. पण त्याने नुसताच तो धरून ठेवला. बोलला तेव्हा हळू बोलला. "पत्ता खोटा आहे, चाचा. ही सही काढावी लागेल. एक खोटी निघाली तर सतरा खऱ्या सह्या वाया जातील."

"काढू," रहमतुल्ला म्हणाला. "तुझं बरोबर आहे. नवा कागद दे. मी लिहून काढतो, सह्या पुन्हा घेऊ."

"तुम्ही?"

"माझी सही राहिलीय. अक्षर तरी माझं असू दे."

लूमच्या ऑफिसातून रेघांचे कागद आणले गेले. रहमतुल्लाने चष्मा लावला, मांडीवर पाट घेतला आणि लिहायला बसला. त्याचं इंग्रजी बेतास बात, पण अक्षर सरांनी वळवलेलं होतं. मुदस्सिर शेजारी बसून शब्द सांगत होता, अजून रागात, शब्दाशब्दामध्ये थांबत. जे पेन्सिलने तोडलेलं होतं ते रहमतुल्ला तोडत गेला, जे जोडलेलं होतं ते जोडत गेला. लिहिता लिहिता पहिल्यांदाच त्याला कळत होतं की पत्र चांगलं आहे. शेतांबद्दल होतं, रांगांबद्दल होतं, एका मुलाच्या शाळेच्या वाटेबद्दल होतं. खोटं काही नव्हतं. त्यावर आपण पहिल्याच दिवशी सही करायला हवी होती, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर तो थांबला.

"पुढे," मुदस्सिर म्हणाला.

रहमतुल्लाने मूळ कागद स्वतःकडे ओढला. वाक्य लहानसं होतं. त्या देशाशी आमचा काहीही संबंध नाही, आम्ही केवळ खेळाचे चाहते म्हणून लिहीत आहोत. वाक्यात चूक नव्हती, त्यामुळे वर पेन्सिलची खूण नव्हती. फक्त 'संबंध' या शब्दाखाली एक ठिपका होता, शिसाचं टोक बराच वेळ टेकून राहिल्यावर पडतो तसा.

मुदस्सिरनेही तो पाहिला.

"गाळा हवं तर," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय चालेल."

धनेश उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. टीव्हीवर लाल शर्ट मैदानातून आत चालले होते, सामना कधी संपला ते कोणी पाहिलं नव्हतं.

"गाळायचं नाही," रहमतुल्ला म्हणाला. त्याने पेन कागदावर टेकवलं. "आमचं एक माणूस तिकडे राहतं. हे इंग्रजीत कसं लिहायचं?"

मुदस्सिरने पाट थोडा आपल्याकडे वळवून घेतला आणि विचारलं, "माणूस म्हणजे, चाचा, कोण लिहायचं? ओळखीचं, की नात्यातलं?"